एक अक्षर बाकी

खात्याने मजकूर दिला तीन शब्दांचा:
येथे किल्ला होता.
शेवटी पूर्णविराम, बाजूला साहेबांचा शिक्का.
पाटी निळी, अक्षरं पांढरी, सहा इंची.
दर अक्षरामागे. काना-मात्रा फुकट.

मी शाणू पेंटर. मळ्यात दुकान.
बारच्या पाट्या रंगवल्या, दंतवैद्यांच्या,
'कुत्र्यापासून सावध' तर विचारूच नका.
'होता' मात्र कधी लिहिलं नव्हतं.
खोली मिळेल, ताजी मासळी मिळेल;
जे मिळणार नाही
त्याची पाटी कोण लावतं?

सकाळी आठला बागेत शिडी टेकवली.
मांडवीला भरती.
पलीकडे रेइश मागुशचा किल्ला, शाबूत, तिकीट लावून.
मध्ये कॅसिनोची जहाजं,
रात्रभर जागून आता दिवे मालवलेली.
आणि अलीकडे
घसरगुंडी, दोन झोपाळे (एकाची साखळी तुटकी),
सिमेंटच्या ओट्यावर एक तोफ,
तोंड नदीकडे.

कायतान माळी दर सोमवारी
तोफेच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालतो.
आज निघालं: आईस्क्रीमच्या काड्या, एकच मोजा,
लॉटरीचं भिजलेलं तिकीट,
कुणाच्या तरी घराची किल्ली.
ती त्याने खोलीतल्या खिळ्याला टांगली.
तिथे अशा अकरा आहेत.

"लोक विचारतात, किल्लो खंय?
हांव सांगता, तुमी ताचेरूच उबे आसात."
दगड कुठे गेले, मी म्हटलं.
त्याने हात धूत धूत
खांद्यानेच सगळं शहर दाखवलं.
असतील कुणाच्या पायरीत, कुणाच्या न्हाणीत.
असतील माझ्याच दुकानाच्या जोत्यात,
जिथे पावसाळ्यात भिंत रंग धरत नाही.

दुपारपर्यंत एवढं झालं:
येथे किल्ला हो
आणि भूक लागली. उतरलो.
डब्यात शीत, हुमण, बांगड्याचं शेपूट.

चणेवालीची रेणुका,
मराठी शाळेत तिसरीत, घरी कन्नड,
हवेत बोट फिरवत वाचू लागली.
ये. थे. किल्. ला. हो.
थांबली. पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे.
"कुणाला सांगितलंय?"

माझ्या तोंडात घास.
तिने थोडी वाट पाहिली,
मग चपला काढून ठेवल्या.
भावाला हाक मारली, तोफेवरच्या दोघांना,
एका गुबगुबीत मुलाला, त्याची आया नको नको म्हणत असताना.
हातात हात. पाठी आत, तोंडं बाहेर.
कोपऱ्यावर बुटका मल्लू, तो बुरूज.
दोघींनी हात उंच धरले, तो दरवाजा.

"आत कोण हाय?" बुरुजाने विचारलं.
आत कोणीच नव्हतं.
रेणुका धावत गेली, आईची चण्याची टोपली आणली
आणि मधोमध ठेवली.
आता राखायला काहीतरी होतं.

एका जहाजाचा भोंगा वाजला, लांबलचक.
तटबंदी हलली नाही.
कायतानने पाइपचं पाणी बंद केलं.
मी हुमणाचा हात तसाच वाळू दिला.

साडेचारला खात्याचा माणूस येणार होता फोटोला.
ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला, पुसला,
परत बुडवला.
'त'चं वळण अवघड नसतं.
तरी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर
मी बराच वेळ सावली बदलायची वाट पाहत उभा होतो.

शेवटी गिऱ्हाईक आलं. आईने हाक मारली.
आधी दरवाजा फुटला, मग सगळंच,
बुरूज तेवढा थोडा वेळ एकटाच उभा,
त्याला कुणी सांगायला विसरलं.

मग मी 'ता' लिहिला.

रेणुका टोपली डोक्यावर घेऊन परतताना थांबली.
"होता," तिने वाचलं. ओठ हलले पुन्हा एकदा.
"हो की," ती म्हणाली, "आत्ताच तर होता."
आणि चपला घालून गेली.

राहिला पूर्णविराम.
तो मी दिला नाही.
त्याचे पैसे धरलेले नव्हते.